अंगी लागणं

मेंग्ली जेवते, पण अंगी लागत नाही.
सासू म्हणाली, नजर. शेजारीण म्हणाली, जंत.
सहाव्या वर्षी चार वर्षांचे कपडे होतात पोरीला;
हातापायांच्या काड्या
आणि पोट तेवढं टम्म.

तंदूरमधली पहिली चोरेक मी तिलाच द्यायची,
कडेची, खरपूस.
आमच्यात चोरेक पालथी ठेवत नाहीत,
चुरा सांडला तर उचलून कपाळाला लावतात.
तेच भरवत होते मी, रोज, या हातांनी.

मारीच्या दवाखान्यात डॉक्टर साप्पारोवानं
पडद्यावर दाखवली तिच्या आतड्याची चिमूटभर चिंधी.
शेजारी दुसरी, कुणा धडधाकट पोराची.
"हे रसांकुर," ती सांगू लागली,
"घास पोटात विरघळला तरी तो अजून बाहेरचाच.
ह्यांनी त्याला आत घ्यायचं,
साखर रक्तात, तूप-तेल दुसऱ्या वाटेनं..."
मी तिला मध्येच थांबवलं.
ही तर लव आहे.

सातव्या वर्षापासून गालिचे विणतेय मी.
गाठ मारायची, कापायची, फणीनं ठोकायची.
बोटभर जागेत किती धागे उभे आहेत
ते डोळे मिटून सांगेन.
दाट लव काहीही पिते.
उंबऱ्याजवळचा गालिचा मात्र झिजत झिजत
नुसता ताणा उरतो,
मग वर सांडलेला चहा
घरंगळत जातो, कुणाचाच नसल्यासारखा.

"गव्हामुळे," डॉक्टर म्हणाली.
मी तिच्याकडे असं पाहिलं
जणू तिनं माझ्या आईला नाव ठेवलं.

मग ज्वारी आणली, जी आम्ही कोंबड्यांना घालायचो.
वेगळा तवा, वेगळी परात, फडकंसुद्धा वेगळं.
सासू आठ दिवस बोलली नाही.
नवव्या दिवशी पाहिलं,
तीच परात घासत होती, राखेनं, दोनदा.

गालिच्याची गेलेली लव मला परत आणता येत नाही.
रफू करते, रंग जुळवते,
ज्याला कळायचं त्याला कळतंच.
शरीराला येतं म्हणे.
अंधारात, कुणी न बघता, माग मांडून बसतं
आणि एकेक धागा पुन्हा उभा करतं.

हिवाळा सरता सरता
मेंग्लीच्या सलवारीची भरलेली किनार
घोट्याच्या वर गेली.
दिव्याखाली बसून दुमड उसवली, दोन बोटं.
दोरा दातानं तोडला.
आत अजून तीन बोटं कापड आहे.