ळ

माझ्या बेंजोले सतरा बटनं आहेत.
त्यांच्यावरचे आकडे घासून गेले.
आठवं तं तुटलंच, भजनाच्या मांडवात,
उडून कोनाच्या चिवड्यात पडलं, भेटलं नाई.

मंग इतवारीच्या भंगारातून
कचेरीतल्या टाइपरायटरचं एक बटन आनलं,
पाच रुपये,
घासलं, भोक पाडलं, पत्तीवर बसवलं.
त्याच्यावर लिवलं आहे: ळ.

हे अक्षर माझ्या जिभेवर कधी बसलंच नाई.
शायेत बावने मास्तर म्हनायचे, म्हन, फळा.
मी म्हनो, फया.
म्हन, बाळ.
बाय.
तयहातावर पट्टी पडे,
लाकडाचा आवाज येगया, स्टीलचा येगया,
तेवढं मले बरोबर समजे.
सातवीनंतर गेलो नाई.

मी कूलर दुरुस्त करतो. तांडापेठेत दुकान,
म्हनजे टिनाचा एक पत्रा अन् त्याच्याखाली मी.
एप्रिल लागला का फोन:
भाऊ, पंप पानी फेकत नाई. भाऊ, खडखड करते.
मी म्हनतो, फोन कूलरजवय न्या.
बुश गेला, का पंखा जायीले घासते,
इथूनच समजते.
गान्याचंही तसंच. सांगता येत नाई,
ऐकलं का हात जाते.

माझा सा कूलरातून येते.
जेवन झालं का खिडकीत तो घुं करते,
मी तार त्याले लावतो, पाना फिरवत फिरवत,
दोघं एक होईस्तोवर.
हिवायात पंचाईत. तेव्हा हेडाऊच्या चक्कीवर जाऊन बसतो,
घरी येतो तं बेंजोत पीठ.

गान्यांले नावं मीच ठेवली.
एक गोयीबार चौक. एक बायको माहेरी.
एक लाईट गेली,
कारन वाजवता वाजवता लाईट गेली,
कूलर थांबला, सा खोलीतून निघून गेला,
अन् मी घामानं चिंब, तसाच पुढं वाजवत रायलो,
विहिरीत दोर सोडत जावं
अन् तय लागू नये, तसा.

मागच्या मे महिन्यात रेशीमबागेत
नंदनवारांच्या घरी मोटर बदलत होतो.
त्यांची पोट्टी अवंती, विशारद झालेली, आत पेटीवर.
मी म्हनलं, बाई, तुमची पेटी अन् हा कूलर भांडून रायले.
ते हासली नाई. उठली,
कूलर बंद केला, चालू केला, कान लावला.
रविवारी वही घेऊन दुकानात आली.

मी लाईट गेली वाजवलं. तिनं लिवलं.
चार खेपा वाजवलं, चार खेपा खोडलं.
माझा तयहात उगाच गरम झाला.
म्हने, काका, हे आठवं बटण.
हा ग नाही, कोमल गही नाही, वेगळाच आहे.
कोणता सूर हा?
मी बटन बनेनीनं पुसलं. दाखवलं.

बराच वेय पाहत रायली.
मंग पेनानं लिवलं, खोडता येनार नाई असं:
सा रे ळ, ळ रे सा.
पाचव्या ओयीत मोकयी जागा सोडली,
तिथं बारीक अक्षरात, लाईट गेली.
मी म्हनलं, बाई, तिथं घाम बी लिवा.
तेव्हा हासली.

पुढच्या रविवारी तिनं वहीत पाहून वाजवलं, सारं बरोबर.
पन पेटीत ते बटनच नाई.
तिथं आली का हात उचले अन् गयातून काढे,
ळ,
जीभ टायूले लावून, पुरा, जड, भिजलेल्या लाकडावानी.
दुकानासमोर कोन तरी स्कूटर थांबवली.

रात्री मी एकट्यानं तोंड उघडून पायलं.
य आला.
बोट ठेवलं, तं ळ.

आता ते बटन ढिलं झालं आहे, खरखरते.
फेविक्विक लावत नाई, सूर बदलन.
उद्या दोन पंप आहेत, अन् सक्करदऱ्याची एक मोटर.