बहात्तर तास

स्फाक्सला उन्हाळ्यात रात्रीही धुळीचा वास येतो.
प्रयोगशाळेत मात्र सदतीस अंश, बारमाही.
उबदार कपाटात त्या पेशी वाढताहेत,
कुणा बाईच्या मोठ्या आतड्यातल्या.
काढल्या तेव्हा मी जन्मलेही नव्हते.
बाईचं नाव कागदावर नाही. वय आहे. चव्वेचाळीस.

बुजेमा कासेरीनहून बसने आला, चार तास,
मांडीवर खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली,
तिच्यात निवडुंगाच्या बियांचं तेल.
इथे फड्या निवडुंगाला 'हिंदी' म्हणतात,
कुणाच्या गलबतातल्या कुठल्या गैरसमजाने, देव जाणे.
"टनभर बोंडं," तो म्हणाला, "तेव्हा बाटलीभर."
त्याच्या बोटांत अजून कुसळं होती,
उजेडात धरल्याशिवाय न दिसणारी.

मी तेल पातळ केलं, पुन्हा पातळ केलं,
शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत थेंब थेंब सोडलं.
मग बहात्तर तास.
मग तो पिवळा द्रव –
जी पेशी जगली असेल तीच त्याला जांभळा करते.
वरच्या ओळी गच्च जांभळ्या,
खाली येता येता फिकट,
शेवटची ओळ
चहा सांडून पुसल्यासारखी.

नजीबा मागून म्हणाली, "पुन्हा कर."
पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं.
तेच.

बुजेमाचा फोन: "मेल्या का?"
मेल्या.
"मग मब्रूकाला किती चमचे देऊ?"

आता काय सांगू –
की ताटलीला वाट नसते,
तोंडापासून तिथवर जठर, यकृत, रक्त,
केवढे जकातनाके.
की ताटलीत मरणं सोपं, साबणानेही मरतात,
मीठ जरा जास्त झालं तरी मरतात.
सगळं सांगितलं. डॉक्टरांचं औषध सोडू नका, दोनदा सांगितलं.
बँकेतल्या माणसाचं ऐकावं तसं त्याने ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाला. "तसंही ती काही गिळत नाही.
त्या सलाइनने तळपायांना भेगा पडल्यात,
तिथे लावतो. रात्री.
म्हणते, जरा निवतं."

वहीत याला रकाना नाही.
समासात लिहिलं, पेन्सिलीने.
मग त्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला
ताजं अन्न घातलं, कपाट लावलं.

बाटलीच्या तळाशी बोटभर उरलं होतं.
नजीबाने बूच घट्ट केलं, वर चिकटपट्टी गुंडाळली,
आणि आम्ही दोघी
कासेरीनची शेवटची बस गाठायला
पळत सुटलो.