हातउसनं

पहाटे पाचला ती यायची, थोरा एंगेब्रेटसन.
जस्ताच्या दोन बादल्या, त्यांत बर्फ,
पायांत भावाचे मोठे गमबूट.
"एमिल, आज किती?"
मी बोटं दाखवायचो. आठ. कधी दोन्ही हात आणि वर एक.
बैलांची हृदयं, अजून कोमट.
फळीवर ठेवल्यावरही एखादं
सवयीनं हलायचं.
ती नजर वळवायची नाही. मी वळवायचो,
मी, खाटीक.

मेंडोटा तळं तेव्हा असं गोठायचं
की माणसं त्यावर मोटारी नेत,
भोक पाडून मासे धरत बसत.
काठावरच्या प्रयोगशाळेत माझी हृदयं जायची.
मला वाटायचं, कुत्र्यांना घालत असतील.

मग एकदा, मार्चमध्ये बहुतेक,
तिनं कोटाच्या खिशातून काचेची नळी काढली.
तळाशी चिमूटभर पिवळं,
गावठी अंड्याच्या बलकासारखं.
"तुझे किती बैल आहेत यात, माहीत आहे?"
"किती?"
"मीसुद्धा मोजणं सोडलंय."

मांस गुंडाळायच्या कागदावर तिनं पेन्सिलीनं काढलं:
सहा कोनांचं एक डोकं,
त्याला दहा पेरांची लांब शेपूट.
शेपटीनं हे चरबीत रुतून बसतं,
पेशीतल्या भट्टीच्या भिंतीत.
डोक्यानं इकडचे दोन इलेक्ट्रॉन घेतं,
तिकडे नेऊन देतं. पुन्हा येतं.
"एवढंच?"
"एवढ्यावरच तू उभा आहेस."

काही इलेक्ट्रॉन वाटेत सांडतात म्हणाली,
आणि त्यांच्यापायी आतली चरबी खवट होते.
चरबी खवट होणं म्हणजे काय
हे मला कुणी शिकवायला नको.
हे मात्र भरलेलं असलं
तर पदरचं देऊन ती आग विझवतं.

एक गंमत राहिलीच.
घेऊन भरलं की याचा रंग उडतो.
देऊन मोकळं झालं की पुन्हा पिवळं.
म्हणजे नळीतलं ते पिवळं
रिकाम्या हातांचं होतं.

मला माझा बाप आठवला.
पगाराच्या दिवशी शेजाऱ्यांना हातउसनं द्यायचा,
वहीत न लिहिता.
आई म्हणायची, या हाताचं त्या हाताला,
आपल्या घरात काय राहिलं?
थोराला हे सांगायचं होतं.
तेवढ्यात ट्रक आला, गुरं हंबरू लागली.
आणि तो कागद?
त्यात मी दुपारी मिसेस हॅलोरनला
मूत्रपिंडं बांधून दिली.

आता एकोणनव्वद.
कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, पोटऱ्या दुखतात.
ल्युसिलनं डबी आणून ठेवली, पाठीवरचं सगळं मोठ्यानं वाचलं.
आता याला बैल लागत नाहीत, यीस्टच बनवतं.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, खरं बोलते.
म्हणाली, ज्या वाटेवर कोलेस्टेरॉल घडतं
तिथूनच याचा फाटा फुटतो.
गोळीनं वाट अडवली की फाटाही आटतो.
पण वरून घेतल्यानं पोटऱ्या थांबतीलच
असं मी लिहून देणार नाही.
काही चाचण्या हो म्हणतात, काही नाही.
रक्त पातळ करायचं औषध घेत असाल
तर मात्र आधी सांगा.
घेत नाही, म्हटलं.
मग घ्या, जेवणाबरोबर. तेलातुपाशिवाय हे अंगी लागत नाही.

थोराचं पुढे काय झालं कळलं नाही.
वर्षभरात बादल्या घेऊन दुसराच कुणी येऊ लागला,
शिट्टी वाजवणारा,
आणि मी त्याला बोटं दाखवली नाहीत,
तोंडानंच आकडा सांगायचो.

सकाळी पावावर लोणी जाड लावतो.
कॅप्सूल खिडकीच्या उजेडात धरतो,
तळं दिसतं त्या बाजूला.
हल्ली ते उशिरा गोठतं.
आत तेच, बलकाचं पिवळं,
काहीही न घेता आलेलं.
ल्युसिल म्हणते, बाबा, बघत काय बसलाय, गिळा.

गिळतो. आणि टेबलाखाली, तिला दिसू नये असा,
दोन्ही हातांची बोटं उघडतो.