पाऊण इंच

हे टेबल पुण्यात डुगडुगतं.
आधीच सांगून ठेवतो, मागाहून वाद नको.

लाकूड मी स्वतः भवानी पेठेतनं निवडलं,
जुना साग, कुठल्याशा गिरणीच्या छताचा,
खिळे काढता काढता दोन पटाश्या बोथटल्या.
कुसू सालीत असं बसलं
की गुलाब म्हणाला, काका, सरस कशाला वाया घालवायचा?
चार पाय. चारही सारखे, सवयीनं.
पाणसळ ठेवली तर बुडबुडा मधोमध थांबला
शहाण्या पोरासारखा.

मग ऐजॉलहून पाकीट आलं.
आत एक दोरा, चार गाठी मारलेला,
आणि झोरामीचं अक्षर, देवनागरी, जरा उजवीकडे पडणारं.
शिकायला होती तेव्हा सहा वर्षं कर्वेनगरात राहिली,
तरी तू आणि तुम्हीत अजून घोटाळा.
"काका, तू माफ करा," असं लिहिलेलं,
"आमचं घर डोंगराला धरून उभं आहे.
खिडकीजवळचा कोपरा खचला.
आईला टेबल तिथेच पाहिजे, तिथून रस्ता दिसतो.
जमीन दोनदा नीट केली. डोंगर ऐकत नाही."

गाठी मोजल्या.
तीन एका मापाच्या,
चौथी पाऊण इंच खाली.

म्हणजे तीन पाय कापायचे.
चाळीस वर्षं ओळंब्याशी इमान राखलेला हात
करवत धरून बराच वेळ नुसताच उभा.
गुलाब चहा आणायला गेला, कुणी न सांगता.
खाली तीन चकत्या पडल्या, बिस्किटाएवढ्या.
टेबल उभं केलं, ते लंगडलं.
अभ्यंकर आले होते त्यांच्या पाटाची चौकशी करायला,
त्यावर हात टेकून म्हणाले,
"पांचाळ, चष्म्याचा नंबर बघून घ्या एकदा."
बघतो म्हटलं.
तीन हजार किलोमीटरवरची जमीन
त्यांना कुठून दाखवू?

पेटी जंगली लाकडाची, आत गोणपाट,
पायांना बायकोच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या,
वर ठसठशीत अक्षरात: काच.
काच एकही नाही. पण हमाल काचेला भितो,
लाकडाला नाही.

झाकण ठोकण्याआधी माल बघायचा,
हा ट्रान्सपोर्टवाल्या बागवानचा नियम.
कोपरा बोटानं दाबला. टक.
परत दाबला. टक.
"हलतंय."
"हो."
"मग लिहावं लागेल."
आणि बिल्टीवर त्यानं लिहिलं:
माल सदोष, पाठवणाऱ्याच्या जबाबदारीवर.
लिहिताना त्याचंच टेबल हलत होतं,
पायाखाली सहा बिल्ट्यांची घडी.
मी खिशातली एक चकती काढून दिली.
त्यानं ती वाकून सरकवली, टेबल दाबून पाहिलं,
हसला.
सदोष मात्र खोडलं नाही.

गुवाहाटीला दुसरा ट्रक, सिलचरला तिसरा.
तिसरा निघेचना. दरड, म्हणाले.
अकराव्या रात्री मी अंथरुणात उठून बसलो:
सुती दोरा दमटात आखडतो!
तिनं मापला असेल तो त्यांच्या पावसात,
मी मोजला इथे, फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात.
बायको म्हणाली, झोपा.
मी दोरा भिजवला, वाळवला, परत भिजवला,
केसाएवढा फरक. कधी होता, कधी नव्हता.
मोठ्या माणसानं करायची कामं नव्हेत ही.

पस्तिसाव्या दिवशी फोन.
"काका, तू ऐका," म्हणाली,
आणि फोन कुठेतरी ठेवून दिला.
तिची आई भाजी चिरत होती.
पालेभाजी असावी, देठं जाड असावीत.
मी कान दाबून धरला,
गुलाबला हातानंच रंधा थांबवायला सांगितलं.
सुरीचा आवाज येत होता.
फक्त सुरीचा.