खालचा कप्पा

आमच्या घरात फ्रिज नव्हता.
माझी सुई राहायची बशीर मुजावरच्या दुकानात,
लिंबू सोड्याच्या बाटल्यांमागं, खालच्या कप्प्यात,
अठ्ठेचाळीस शनिवार.
कसलं औषध, त्यानं विचारलं नाही.
एवढंच म्हणाला, बर्फाजवळ नको ना? गोठलं तर वाया जाईल.

राजारामपुरीत हुक्केरी बाईंनी कागदावर
लिव्हर काढलं, मोडलेल्या भाकरीसारखं.
म्हणाल्या, हे जंतूला मारत नाही, पोवार,
तुमच्याच राखणदारांना उठवतं.
कधीपासून झोपलेत?
जन्मापासून, मी म्हणालो. आईकडून आलंय.
आईला कळलंही नव्हतं, काय दिलं ते.

रात्री नऊला पोटाची चिमूट धरायची.
शालन टॉर्च धरायची आणि तोंड फिरवायची.
साडेअकराला थंडी, मग ताप,
दोन गोधड्यांखाली खाट वाजायची.
राखणदार उठले होते
आणि अंधारात घरच्यालाच बडवत होते.

मी उद्यमनगरात पॅटर्न करतो, सागवानी.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून पॅटर्न मुळातच जरा मोठा धरायचा.
माणसाला अशी सूट कोण ठेवतं?
नऊ किलो उतरलो. पँटला सुतळी.

कारखान्यात माझ्या चहाच्या ग्लासाला
कुणीतरी लाल रंगाचं बोट लावलं.
आमच्यात लाल म्हणजे, ही जागा अजून घासायची आहे.
चहानं होत नाही रे हे, मी म्हणालो.
सगळ्यांनी ऐकलं.
ग्लास तसाच राहिला.

विसाव्या आठवड्यात आमटीत मीठ कमी म्हणून
शालनवर ओरडलो, नंतर न्हाणीत जाऊन रडलो.
बाई म्हणाल्या, औषधानं होतं तसं.
शालन म्हणाली, होत असंल.
मीठ मात्र खरंच कमी होतं.

शेवटचा रिपोर्ट: आकडा पुष्कळ खाली. शून्य नाही.
बसलाय कोपऱ्यात, बाई म्हणाल्या,
आता रोज गोळी, आणि सहा महिन्यांनी बघू.
कोपरे मला माहीत आहेत.
तिथं रंधा पोचत नाही,
पटाशी लागते, आणि सवड.

काल बशीरकडं सोडा प्यायला गेलो.
बाटल्या दाटीनं उभ्या,
खाली मागं वीतभर जागा मोकळी.
भर की आता, म्हटलं.
असू दे, तो म्हणाला,
कुणाचं तरी येईल.