ताळा

टॅमस हॅल्क्रोने मृत्युपत्रात माझं नाव घातलं
मला न विचारता.
'ओस्ला इस्बिस्टर, शेजारीण. हिशेबाला पक्की.'
येल बेटावर याहून जास्त कौतुक
कुणी कुणाचं करत नाही.

मी लागले कामाला.
मृत्यूच्या दाखल्याच्या आठ प्रती.
बँकेला एक, पेन्शनला एक, विजेच्या कंपनीला एक,
तरी कंपनीचं पत्र त्यालाच आलं:
'प्रिय श्री. हॅल्क्रो, आपण आम्हाला सोडून जाताय, वाईट वाटतं.'
ते मी फायलीत लावलं.
सांत्वनाची पत्रं तशी कमीच आली होती.

फेरी, मग बस, मग लर्विकचं कोर्ट, असं तीनदा.
शिक्का बसेपर्यंत
त्याचा चमचासुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही,
आणि मांजराला तर रोज घालायला हवं.
मांजर कुठल्या रकान्यात लिहू, विचारलं वकिलाला.
पोरगेलासा आहे, ग्लासगोचा.
म्हणाला, किंमत शून्य दाखवा.

होडी एक, बुडाला भोक.
मेंढ्या एकोणीस. त्यातली एक
कानाच्या खुणेवरून माउटांची निघाली, नेऊन दिली.
वाचनालयाचं पुस्तक, एक्क्याण्णव साली परत करायचं.
श्रवणयंत्र, डब्यात, कधीच न लावलेलं,
म्हणजे मी कुंपणावरून ओरडायचे
ते अगदीच उगाच नव्हतं.

आणि पिठाच्या डब्यामागे वही.
कुणाला किती दिले, कशासाठी.
फेडले की नावावर काट.
एक नाव तेवढं बिनकाटेचं:
ओ. इस्बिस्टर, ॲबर्डीनच्या बोटीचं भाडं,
बेचाळीस पौंड, फेब्रुवारी अठ्ठ्याहत्तर.
पुढे पेन्सिलीने: मागायचे नाहीत.

त्या फेब्रुवारीत माझा एरिक ॲबर्डीनच्या इस्पितळात होता.
रात्रभर बोट आडवीतिडवी होत होती,
मी जिन्याच्या कठड्याला धरून बसले होते.
तिकीट कुणी काढलं, आठवत नव्हतं.
की आठवायचं नाही असं ठरवलं होतं?
त्यानंतर चाळीस वर्षं
मी त्याच माणसाशी भांडले
त्याच्या मेंढ्या माझ्या कोबीत शिरतात म्हणून.

वकील म्हणाला, मुदतबाह्य आहे, सोडून द्या.
पण मृताची येणी गोळा करणं
माझ्या कर्तव्यांत छापलेलं आहे, दुसऱ्याच पानावर.
आणि 'मागायचे नाहीत'खाली सही नाही,
साक्षीदार नाहीत.
कायद्याने ती इच्छा नव्हे,
नुसतं एका माणसाचं मन.
मनाचा अंमल करायला
कुठल्या कोर्टात अर्ज करतात, मला ठाऊक नाही.

मी रोख भरले. बेचाळीस.
बँकेतली मुलगी म्हणाली, कशाबद्दल लिहू?
भाडं, मी म्हणाले.

पुतणे तीन. धाकटा पर्थहून
आमच्या मध्यरात्री फोन करायचा,
घराचे किती येतील?
प्रत्येकाच्या वाट्यात चौदा पौंड जास्तीचे गेले,
कुठले ते कुणी विचारलं नाही.
घर घेतलं एका डच जोडप्याने, त्यांनी आधी खिडक्या पुसल्या.

ताळा जमला, पेनीला पेनी.
खाली सही करताना माझा हात कापला नाही.
मग वही उघडली, पेन्सिल घेतली,
आणि काट मारायची राहिली.
ती घेणाऱ्याने मारायची असते.

मांजर माझ्याकडे आहे. पावती दिलेली नाही.

काल पुन्हा विजेच्या कंपनीचं पाकीट:
जादा भरलेले तीन पौंड अठरा पेन्स परत,
धनादेश टॅमस हॅल्क्रोच्या नावे.
खातं तर बंद झालं.
मी चष्मा पुसला
आणि दाखल्याची उरलेली प्रत शोधायला उठले.