चुका

चूक म्हणजे खिळ्याची धाकटी बहीण,
अर्ध्या बोटाएवढी, चपट्या डोक्याची.
नव्या पोरांना आधी हेच सांगावं लागतं,
नाहीतर मी "चुका काढ" म्हटलं
की ती मान खाली घालतात.

मंगळवारी दुपारी टेम्पो नाना पेठेत शिरला, अडकला,
शेवटी दोन खुर्च्या दोन हमालांच्या डोक्यावर बसून
दुकानापर्यंत आल्या.
मागोमाग ऋचा वाकणकर, बाणेरहून.
"हॉलंडच्या आहेत, अठ्ठावन्न सालच्या.
आतलं सगळं ओरिजिनल असणार. जपून हं."
नवं कापड तिनं तिकडूनच मागवलेलं,
मोहरीच्या रंगाची लोकर,
हात लावला तर पुण्यात थंडी पडावी अशी.

पाय निमुळते, जरा फाकलेले,
बगळा चिखलात उभा राहतो तसे.
हात वल्ह्यासारखे, धरून धरून काळपट,
उजवा जास्त.
आणि अंगावर रेक्झिन,
वाळल्या पानाच्या पिंकेच्या रंगाचं.
ते काही हॉलंडचं नव्हतं.
एवढं तिलाही कळत होतं.

मी खुर्ची उताणी केली.
एकेक चूक उचकून डब्यात टाकत गेले.
रेक्झिनखाली मांजरपाट.
मांजरपाटाखाली घोड्याचे केस असतील म्हणाली होती.
काथ्या होता.
आपला, नारळाचा, कोकणातून आलेला,
बसून बसून भाकरीसारखा झालेला,
पण दम धरून.

मग कडेची शिवण दिसली.
टाके उलटे कललेले,
आरशात बघून घातल्यासारखे.

अब्बा डावखुरे.
त्यांच्या शेजारी बसून मला कधीच जमलं नाही,
हात चुकीकडे जायचे.
मग एक दिवस त्यांनी मला समोर बसवलं,
मधे कुणाची तरी खुर्ची, पाय वर करून.
त्यांचं दाभण डाव्या हातात, माझं उजव्या,
आणि दोघांची सुतळी एकाच बाजूला ताणली गेली.
बारा वर्षांची होते.
त्यानंतर त्यांनी काही शिकवलं नाही.
समोर बसले, एवढंच.

बैठकीच्या पट्टीवर, आतून, निळी पेन्सिल.
अक्षरं डावीकडे रेललेली:
साहेब. २ नग. बाकी १२.

कुठला साहेब, लिहिलेलं नाही.
कारखान्यात आला असेल कुणी, चार वर्षांसाठी,
खुर्च्या जहाजातून आणल्या असतील,
जाताना लिलावात टाकल्या असतील.
अब्बा उधारी मागायला जात नसत.
अम्मा जायची.
बंड गार्डनपर्यंत चालत गेली असेल,
गेटवर माळ्यानं सांगितलं असेल,
साहेब विमानात बसले.
बारा रुपये म्हणजे तेव्हा काय, ते मला विचारू नका,
ते अम्माच्या चपलांना विचारा.

संध्याकाळी फोन आला.
"आतलं ओरिजिनल निघालं का?"
"निघालं," मी म्हटलं.
कुणाचं, ते तिनं विचारलं नाही.

पट्टे नवे टाकले. स्प्रिंगा बांधल्या, आठ गाठींच्या.
काथ्या झटकला, पिंजला, पुन्हा भरला,
वर थोडा ताजा.
कडेची शिवण तशीच ठेवली.
जिथं सुटली होती तिथं माझा टाका घातला,
उजव्या हाताचा,
तो त्यांच्या टाक्याकडे तोंड करून उभा राहिला.
मोहरी चढवली. शेवटच्या चुका नव्या,
जुन्या डब्यात खुळखुळत होत्या.

बिलात लिहिलं:
मजुरी, पट्टा, स्प्रिंगा, पॉलिश,
आणि खाली, मागील बाकी रुपये बारा.
तिनं फोनवरून पैसे पाठवले, बारांसकट.
बिल कुणी वाचत नाही हल्ली.

टेम्पो यायला वेळ होता.
एक खुर्ची पुन्हा उताणी केली,
खालच्या कापडाच्या चार चुका काढल्या,
पट्टीवरच्या त्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलं,
मिळाले.
आणि चुका परत ठोकल्या, त्याच भोकांत.